सप्लिमेंट, इंजेक्शन आणि डोपिंग: पैलवान, धावपटू आणि भरतीची पोरं मला रोज विचारतात ते प्रश्न

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावात. समोर मैदान आणि मागच्या गल्लीत तालीम. बावीस वर्षांचा होईपर्यंत मी स्वतः लाल मातीत होतो, मग गुडघा गेला, बी. फार्म केलं आणि काउंटरमागे उभा राहिलो. त्यामुळे होतं काय, की पैलवान, कबड्डीवाले, अॅथलेटिक्सची पोरं-पोरी, पोलीस भरतीवाले आणि त्यांचे आईवडील सगळे माझ्याकडेच येऊन विचारतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढतोय. मोठं झालंय, पण आपल्याला लागू पडतं तेवढं तरी नीट वाचा.

प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइडच ना?

नाही. हा गैरसमज अजून घरोघरी आहे आणि त्यापायी पोरं लपून खातात, लपून खाल्लं की कुणाला विचारत नाहीत आणि मग भलतंच काहीतरी हातात पडतं. व्हे प्रोटीन म्हणजे दूध फाडून पनीर-चीज काढल्यावर खाली जे हिरवट पाणी उरतं ना, त्यातलं प्रोटीन वेगळं करून वाळवलेलं. खाण्याचीच वस्तू आहे ती. स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं बनवलेलं औषध, ते शरीराच्या हार्मोनमध्ये हात घालतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध येतो तो डब्यात भेसळ असली तर, त्याचं पुढे सांगतो.

मग मला दिवसाला किती प्रोटीन लागेल? पावडर घ्यावीच लागेल का?

रोज घाम गाळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ते दोन ग्रॅम. म्हणजे सत्तर किलोच्या पोराला १०५ ते १४०. आता घरचा हिशोब करा: एका अंड्यात सहा ग्रॅम, लिटरभर दुधात तीस-बत्तीस, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस, आणि शंभर ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांमध्ये पन्नासच्या वर. पावडरच्या एका स्कूपमध्ये साधारण चोवीस. ज्याच्या घरी दूध-अंडी-डाळ भरपूर आहे त्याला डब्याची गरजच नाही, आणि जो हॉस्टेलवर मेसचं पातळ वरण खातोय त्याला सोयीचं म्हणून एक स्कूप ठीक आहे. मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, मात्र घेऊ नका असंच मी सांगतो, त्यात बहुतेक मालटोडेक्स्ट्रिन म्हणजे एक प्रकारची साखरच असते. त्या पैशात महिनाभर केळी, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की येते.

किडनीचं विचाराल तर, निरोगी माणसाच्या किडन्या एवढ्या प्रोटीनने खराब होत नाहीत. आधीपासून किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

क्रिएटिन चालतं का? त्यावर बंदी आहे का?

बंदी नाही, कधीच नव्हती. ज्या थोड्या सप्लिमेंटचा खरोखर उपयोग होतो त्यातलं हे एक. रोज ३ ते ५ ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, महागडे प्रकार नकोत. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, स्नायूत पाणी धरतं म्हणून वजन किलो-दीड किलो वाढू शकतं, वजनगटाच्या काठावर असलेल्या पैलवानाने स्पर्धेच्या तोंडावर सुरू करायचं नाही. दोन, रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं आणि घरचे घाबरतात, तर तपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगून ठेवायचं की मी क्रिएटिन घेतोय.

बीसीएए, ग्लुटामाइन या अमिनो ॲसिडच्या पावडरींवर पैसे घालवू नका.

कॉफी आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर)?

कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही, वाडा त्यावर फक्त लक्ष ठेवते. वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था आणि आपल्या देशात ते काम बघते ती नाडा. सरावाआधी तासभर एक कडक कॉफी घ्या, फायदा होतो. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये कधी कधी दोन-तीनशे मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि पोरं दोन दोन स्कूप टाकतात, वर एनर्जी ड्रिंक, मग छातीत धडधडतंय म्हणून माझ्याकडे येतात. शिवाय सगळ्यात जास्त घोटाळे होतात ते याच डब्यांत आणि फॅट बर्नरच्या गोळ्यांत. त्यात उत्तेजकं मिसळलेली सापडली आहेत, डीएमएए नावाचं तर कित्येक वर्षं असंच विकलं जात होतं.

डबा खरा आहे, वर फूड लायसन्सचा नंबर आहे, मग बिनधास्त घेऊ ना?

तो चौदा आकडी नंबर सांगतो की कंपनीकडे खाद्यपदार्थ बनवायचा किंवा विकायचा परवाना आहे. आतल्या पावडरमध्ये बंदी असलेलं औषध नाही हे तो सांगत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावर 'नो बॅन्ड सबस्टन्स' असं कंपनीने स्वतः छापलं असेल तर त्यालाही अर्थ नाही.

२०११ ची गोष्ट आठवते का बघा. आदल्याच वर्षी आपल्या मुलींनी दिल्लीच्या कॉमनवेल्थला आणि मग ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचं गोल्ड आणलं होतं, देश नाचला होता. सात-आठ महिन्यांतच त्यातल्या मुली पॉझिटिव्ह आल्या, मिथेनडायनोन आणि स्टॅनोझोलॉल, दोन्ही स्टेरॉइडच. सांगितलं गेलं की कोचने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं. परदेशी कोचला काढलं, पण बंदी मुलींना लागलीच आणि शेवटी क्रीडा लवादाने, म्हणजे खेळांच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने, ती दोन वर्षांची केली, लंडन ऑलिंपिक घरी बसून बघावं लागलं. जिनसेंग बंदीत नाही, ते तर मूळ आहे एका झाडाचं. पण गोळीत नुसतं जिनसेंगच आहे हे कोणी तपासलं होतं?

म्हणून स्पर्धा खेळत असाल तर प्रत्येक बॅचची बाहेरच्या लॅबमध्ये तपासणी झालेलाच डबा घ्या, उदाहरणार्थ इन्फॉर्म्ड स्पोर्टचा शिक्का असतो, त्यांच्या साइटवर बॅच नंबर टाकून बघता येतं. शंभर टक्के हमी तेही देत नाहीत, पण उघड्या पिशवीतून वजनावर मिळणाऱ्या पावडरीपेक्षा लाख पटीने बरं. आणि डबा संपल्यावर तळाशी थोडी पावडर ठेवून तो बिलासकट जपून ठेवा, उद्या काही निघालं तर तुमच्या हातात पुरावा तेवढाच असतो.

भरतीच्या ग्राउंडसाठी एक इंजेक्शन मिळतं म्हणे, घेतलं की दमच लागत नाही. देता का?

नाही देत. आणि या प्रश्नावर मला जरा जास्त लिहायचंय.

मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी साडेसहाला शटर अर्धं वर केलं होतं, एक पोरगा वाकून आत आला. बूट मातीने भरलेले, ओठ कोरडे पडलेले, आणि मुठीत एक छोटी काचेची बाटली, रिकामी, रबरी बुचावर सुईची चार-पाच भोकं. "काका, हेच द्या." लेबल अर्धं निघालेलं पण नाव वाचता येत होतं, मेफेंटरमाइन सल्फेट. मी त्याचा हात धरला तर नाडी मोजता येईना इतकी पळत होती, आणि तो तर नुसता उभा होता, पळून येऊन अर्धा तास झाला म्हणाला. बीपी घेतलं, वरचं १७० च्या पुढे. वय एकोणीस. एक बाटली तिघांनी मिळून घेतलेली, सुई एकच.

हे औषध कशाचं आहे माहितीये का? ऑपरेशनच्या टेबलावर पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी धाडकन खाली येतं ना, तेव्हा भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत बघत थोडं थोडं हे देतात. बीपी वर आणायला. शेजारी ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतात. तेच औषध पडलेल्या बीपीच्या पेशंटऐवजी चांगल्या धडधाकट पोराच्या शिरेत गेलं तर बीपी आणि ठोके कुठे जातील याचा अंदाज करा. दम लागत नाही असं वाटतं, कारण थकवा कळेनासा होतो. पण फुफ्फुसं तेवढीच आहेत, हृदयही तेवढंच आहे, फक्त थांब म्हणून सांगणारी घंटा काढून टाकलीय. मेच्या उन्हात १६०० मीटर पळताना ती घंटा लागते हो. सायकलवाल्यांच्या टूर दे फ्रान्समध्ये १९६७ साली टॉम सिम्पसन नावाचा इंग्लिश खेळाडू भर उन्हात डोंगर चढताना कोसळून मेला, त्याच्या अंगात असंच उत्तेजक सापडलं होतं, ॲम्फेटामाइन. मेफेंटरमाइन त्याच्याच घराण्यातलं.

आणि त्याची सवय लागते. आधी अर्धा मिली, मग एक, मग त्याच्याशिवाय ग्राउंडला जायची इच्छाच होत नाही, झोप उडते, चिडचिड होते, काहींना भास व्हायला लागतात, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं. एका सुईतून तिघांनी घेतलं की एचआयव्ही आणि कावीळ बी-सीचा धोका वेगळा. चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे, आपल्या राज्यात यावर छापे पडतात, विकणारे पकडले जातात, तरी जिममधून आणि ऑनलाइन पोरांपर्यंत पोचतंच. आणि तुम्ही भरतीबरोबर अॅथलेटिक्सही खेळत असाल तर वाडाच्या यादीत हे उत्तेजकांमध्ये येतं, स्पर्धेत सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी.

त्या पोराला मी बसवलं, पाणी दिलं, त्याच्या वडिलांना फोन केला आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं. भरतीचं ग्राउंड त्या वर्षी गेलं त्याचं. पुढच्या वर्षी परत देतोय, चार महिने नुसता सराव करून.

एकच सायकल, म्हणजे काही आठवड्यांचा कोर्स, मारतो स्टेरॉइडची, मग बंद. काय होतंय?

हे ज्याने सांगितलं त्याने तुमचे रिपोर्ट काढून बघितलेत का ते आधी विचारा. डेका, डायनाबॉल, विन्स्ट्रॉल, टेस्ट, नावं काहीही घ्या, काम एकच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू म्हणतो आता बनवायची गरज नाही, आणि अंडकोषांना काम थांबवायचा निरोप जातो. ते आक्रसतात, शुक्राणू कमी होतात, कधी कधी शून्यावर जातात. इंजेक्शन बंद केल्यावर आतलं उत्पादन लगेच सुरू होत नाही, महिने जातात, काहींचं पूर्ण येतच नाही. त्या मधल्या काळात पोरगा खचतो, उठावंसं वाटत नाही, कमावलेलं वजन उतरतं आणि तेच बघवत नाही म्हणून दुसरी सायकल सुरू होते. एकच सायकल म्हणून सुरू केलेला आणि एकावरच थांबलेला माझ्या पाहण्यात फार कमी आहे.

बाकी यादी: पाठभर पुटकुळ्या, केस जाणं, छातीत गाठी येऊन मुलींसारखी छाती दिसणं, जी पुढे ऑपरेशननेच जाते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, वाईट वर, रक्त दाट, हृदयाची भिंत जाड. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या लिव्हरवर येतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने घेतलं तर हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची तिथेच थांबते.

आणि तपासणीत सापडायचं म्हणाल तर नँड्रोलोन, म्हणजे तुमचं डेका, शेवटच्या इंजेक्शननंतर कित्येक महिने लघवीत दिसतं. "पंधरा दिवसांत क्लीन होशील" असं सांगणाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

मुलींसाठी काही वेगळं आहे का?

आहे, आणि मुली लाजेने विचारत नाहीत, त्यांच्या आयांनी तरी हे वाचा.

स्टेरॉइडने मुलींचा आवाज बसतो तो परत येत नाही, चेहऱ्यावर केस येतात, पाळी जाते. हे बहुतेकींना ऐकून माहीत असतं. माहीत नसतं ते साध्या चिठ्ठीतलं. पीसीओडीसाठी किंवा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन लिहितात, ते लघवी वाढवणाऱ्या औषधांत मोडतं आणि त्याला वर्षभर कधीही बंदी आहे, नुसती स्पर्धेपुरती नव्हे. लेट्रोझोल आणि क्लोमिफेन, त्यांनाही बंदी. डॉक्टरांची काही चूक नसते, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ही पोरगी राज्य खेळते. तर आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य तेच बोलायचं.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, नॉरएथिस्टेरॉन, स्पर्धेच्या तारखा बघून मुली सर्रास घेतात. त्याला बंदी नाही. पण शरीरात गेल्यावर त्यातून नँड्रोलोनच्या खुणेसारखाच थोडासा अंश लघवीत येतो, म्हणून तपासणीच्या फॉर्मवर ती गोळी आवर्जून लिहायची. लॅबला माहीत असलं की ती तसा अर्थ लावते.

सर्दी-खोकल्याचं औषध घेतलं तर?

यात मोठमोठे अडकलेत. आपला पृथ्वी शॉ, मुंबईचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याचं सिरप दुकानातून घेऊन प्यायला होता, वय एकोणीस. क्रिकेट बोर्डाने त्याचं म्हणणं मानलं की मुद्दाम नव्हतं, तरी आठ महिने बाहेर. टर्ब्युटालिन आपल्याकडे कफ पातळ करणाऱ्या कित्येक सिरपांत असतं, गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. श्वासनळी मोकळी करतं म्हणून बंदी.

सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असेल तर चालतं, स्यूडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणावर गेलं की अडकता. पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, वाफ, मीठ-हळदीच्या गुळण्या यांना काही नाही. अंगदुखीला ट्रामाडॉल लिहून देतात, त्याला १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी आहे. आणि लवकर बरं वाटावं म्हणून गावाकडे प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्टच्या गोळ्या सर्रास देतात (ही सूज उतरवणारी स्टेरॉइडं, ताकदीची नव्हेत), त्याही स्पर्धेत चालत नाहीत, निदान तीन दिवस आधी बंद झालेल्या हव्यात. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनलाही तसेच तीन दिवस, आणि ट्रायमसिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर दहा.

ब्रँडचं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते बघा. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' म्हणून ॲप आहे, त्यात नाव टाकून तपासता येतं. जमलं नाही तर पट्टी घेऊन माझ्याकडे या, फोटो पाठवला तरी चालेल. यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, म्हणजे गेल्या वर्षी चाललेलं यंदा चालेलच असं नाही.

अशक्तपणा आलाय, सलाईन लावून घेऊ का?

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण आपल्याकडे ताप आला की सलाईन, वजन उतरवून थकला की सलाईन. बारा तासांत शंभर मिलीपेक्षा जास्त शिरेतून घेणं ही पद्धतच बंदीत आहे, मग बाटलीत नुसतं मिठाचं पाणी का असेना. रुग्णालयातल्या रीतसर उपचारासाठी, ऑपरेशनसाठी सूट आहे. रुममध्ये खिळ्याला बाटली टांगून लावलेल्या सलाईनला नाही. ओआरएसची पुडी तोंडाने घ्या, लिंबू-मीठ-साखर घ्या, त्याला कोणी काही म्हणत नाही.

मला दमा आहे, पंप वापरतो. खेळ सोडू का?

अजिबात नाही. सॅल्ब्युटामॉलचा पंप चालतो, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. साधारण एका पफमध्ये शंभर असतात, म्हणजे आठ तासांत सहा. तेच औषध गोळीतून किंवा सिरपमधून चालत नाही. नेब्युलायझर लागत असेल, किंवा डायबेटीस आहे आणि इन्सुलिन घेता, तर नाडाकडे आधी अर्ज करून उपचारासाठीची सूट घ्यायची, तिला टीयूई म्हणतात. स्पर्धेच्या निदान तीस दिवस आधी, रिपोर्ट जोडून. इमर्जन्सी असेल तर आधी उपचार, अर्ज मागाहून करता येतो.

आयुर्वेदिक आहे, त्याला काय होतंय? आणि आपली थंडाई?

अश्वगंधा, शिलाजित यादीत नाहीत. पण नावगाव नसलेल्या पुडीत काय कुटलंय ते कुटणाऱ्यालाच माहीत. ताकदीच्या आणि वजन वाढवायच्या पुड्यांत ॲलोपॅथीचं स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, आठवड्यात भूक वाढते, गाल गोल होतात, घरचे म्हणतात गुण आला. पुडीवर घटक, बॅच, कंपनी नसेल तर खेळाडूने ती तोंडात टाकायची नाही, देणारा कितीही घरोब्यातला असो.

थंडाईवर माझा जीव आहे. कोल्हापूरच्या तालमीत दुपारी कुंडी मांडी घालून पायात धरायची, रात्रभर भिजलेले बदाम, बडीशेप, मिरे, खसखस, वेलदोडा, आणि सोट्याने एकाने घोटायचं, दमला की दुसऱ्याने, लोण्यासारखं मऊ झालं की दूध. तो खुराक कुठल्याही डब्याला भारी आहे. दोनच गोष्टी बघायच्या. भांग नको, शिवरात्रीला नको आणि रंगपंचमीलाही नको, स्पर्धेच्या काळात गांजा-भांगेवर बंदी आहे आणि ती शरीरातून सावकाश जाते. आणि खसखस अफूच्याच बोंडातली असते, तिच्यातून लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो, आणि मॉर्फिन स्पर्धेत ठराविक मर्यादेवर गेलं की केस होते. म्हणून मोठ्या स्पर्धेच्या आधीचे चार दिवस थंडाई बिनखसखशीची घोटा. जुन्या वस्तादांना हे पटवायला मला वेळ लागला, पण आता मागच्या तालमीत तसंच करतात.

वजन उतरवायला लघवीची गोळी?

बंदी. कधीही. लघवी वाढवून बाकीची औषधं लपवता येतात म्हणून ती थेट यादीत आहे, आणि पाण्याबरोबर पोटॅशियम गेलं की पायात गोळे येतात, हृदयाची लय बिघडते.

वस्तादांनी किंवा कोचने दिलं, मला माहीतच नव्हतं. मग जबाबदारी कोणाची?

तुमचीच. नियमच तसा आहे, तुमच्या शरीरात सापडलं म्हणजे ते तुमचं, कसं आलं ते तुम्ही सिद्ध करायचं. नरसिंग यादवचं बघा, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकसाठी निवड झालेली. जून २०१६ मध्ये मिथेनडायनोन सापडलं. तो म्हणाला माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं. नाडाने १ ऑगस्टला सोडलं, तो रिओला पोचला, वाडाने अपील केलं आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षं बंदी दिली. मिसळलं गेलं हे पुराव्याने पटलं नाही. ज्या मातीने खाशाबा जाधवांसारखा ऑलिंपिकवीर दिला, तिथल्या पैलवानांना तो दिवस अजून आठवतो. खरं काय झालं यावर वाद घालायला मी बसलो नाही, मला एवढंच दिसतं की लवादापुढे 'मला माहीत नव्हतं' याला पुरावा लागतो.

म्हणून बाटली आपली, झाकण आपल्यासमोर उघडलेली. कोणी बी-१२ चं इंजेक्शन म्हणून द्यायला लागलं तर आधी बाटली हातात घेऊन वाचा. वस्तादांचा मान ठेवून विचारता येतं, "वस्ताद, याचं नाव काय?" खऱ्या वस्तादाला याचा राग येत नाही. आणि पोरांना देणाऱ्या कोचवरही बंदी येते, अल्पवयीन मुलाला दिलं तर आजन्म सुद्धा.

आमच्या छोट्या स्पर्धेला कोण तपासायला येतंय?

येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आलीत म्हटल्यावर शंभर मीटरच्या फायनलला एकच पोरगा धावला, बाकीचे आलेच नाहीत, आणि स्टेडियमच्या बाथरूममध्ये वापरलेल्या सिरिंज पडलेल्या. वाडाच्या आकडेवारीत २०२४ साली नाडाने ७,११३ नमुने तपासले त्यात २६० पॉझिटिव्ह, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर. मोठ्या देशांत आपण त्यात सगळ्यात पुढे आहोत. मला हे लिहिताना खरंच वाईट वाटतं, कारण यातली किती पोरं शेतकऱ्याच्या घरची असतील, ज्यांना कोणीतरी दहा हजार घेऊन असल्या औषधांचं कीट विकलं.

तपासणीला नाव आलं तर नेमकं काय होतं?

घाबरू नका आणि पळू नका. पळालात, नाही म्हणालात, तर सापडल्यासारखीच चार वर्षं लागू शकतात. माणूस येऊन ओळखपत्र दाखवतो, तुमची सही घेतो आणि तिथून पुढे तुमच्यावरची नजर हटत नाही. आपल्याबरोबर एक माणूस घ्यायचा हक्क आहे, अठराच्या आतले असाल तर मोठं माणूस घेऊनच जा. सीलबंद भांडी समोर मांडतात, तुम्ही निवडायचं. लघवी करताना तुमच्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहून बघतो, कपडे वर-खाली करायला लावतात, पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं पण ते सगळ्यांनाच करावं लागतं. निदान नव्वद मिली लागते. मग ए आणि बी अशा दोन बाटल्यांत तुम्ही स्वतः ओतायची, झाकण स्वतः फिरवायचं, टक् टक् आवाज येत ते बसतं, नंबर फॉर्मवरच्या नंबराशी जुळवायचा. जुळल्याशिवाय सही नाही.

फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिहा. डब्याचं नाव, पट्टीचं नाव, आईने दिलेला काढा सुद्धा. पोरं भीतीने कोरा सोडतात, आणि मग नंतर काही सांगितलं की कोणी विश्वास ठेवत नाही. भरभरून पाणी पिऊ नका, लघवी पातळ झाली की परत थांबवतात, मी एका पोराबरोबर रात्री साडेदहापर्यंत बसलोय.

मुलगा काहीतरी घेतोय असा संशय आहे. आम्ही काय करावं?

दोन महिन्यांत आठ-दहा किलो वाढला, पाठीवर पुटकुळ्या, रात्री झोप नाही, विनाकारण अंगावर येतो, खोलीत सिरिंजचं कव्हर सापडलं, तर संशय बरोबर असू शकतो. पहिल्याच दिवशी मारझोड करू नका, घर सोडून जिमवरच राहायला जाईल. शांतपणे रक्त तपासून घ्या: सीबीसी, लिव्हर, लिपिड, टेस्टोस्टेरॉन. बीपी बघा. आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या, बंद करतानाचा काळ अवघड असतो, त्यात पोरगा एकटा पडता कामा नये.

बंदी आली तर सगळं संपलं का? परत खेळता येतं?

येतं. नोटीस आल्यावर गप्प बसायचं नाही, हा सगळ्यात मोठा घोळ. बी नमुना उघडायची मागणी करता येते. आणि चार वर्षांची केस असेल, चूक खरंच झाली असेल, तर वीस दिवसांच्या आत कबूल करून शिक्षा मान्य केली की एक वर्ष कमी होतं. खूप पोरांना हे माहीतच नसतं, ती कागद घडी करून ट्रंकेत ठेवतात.

आमच्याच गावातला एक पोरगा, नाव लिहीत नाही. जिममधल्या ट्रेनरने झिपलॉकच्या पिशवीतून कॅप्सूल दिल्या, ताकदीच्या आहेत म्हणून. राष्ट्रीयला नमुना गेला, स्टॅनोझोलॉल. वडील उसाची मोळी टाकून तसेच माझ्याकडे आले, हातात इंग्रजी पत्र, "यात काय लिहिलंय सांगा." आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं, अठराव्या दिवशी पाठवलं, चाराची तीन झाली. बंदीच्या काळात संघटनेशी जोडलेल्या तालमीत सराव सुद्धा करता येत नाही, फक्त शेवटचे दोन महिने किंवा शेवटचा चौथा हिस्सा, जे कमी असेल तेवढ्यासाठी परत जाता येतं. त्याला पुढच्या दिवाळीनंतर तालमीत जाता येईल. तोवर वडिलांनी गोठ्यामागे जागा करून दिलीय, पहाटे एकटाच जोर-बैठका मारतो, आणि सर्दी झाली की गोळी घ्यायच्या आधी पट्टी घेऊन माझ्याकडे येतो.